कुंपणाच्या आतला पाऊस

फेब्रुवारी सरत आला की पुसदच्या भोवतालच्या टेकड्यांवरचे सागवन उघडेबोडके होऊ लागते. महाविद्यालयांच्या आवारातली झाडेही त्याच सुमारास पाने टाकतात. सकाळी सात-साडेसातला झाडणाऱ्या मावशी ती पाने गोळा करून ढीग लावतात आणि काडी ओढतात. पहिला तास सुरू होतो तेव्हा वर्गाच्या खिडकीतून धूर आत येत असतो. वर्गात कदाचित पर्यावरणाचाच पाठ चालू असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याच आवारात एप्रिल-मेमध्ये बोअरचे पाणी आटते आणि फाटकातून टँकर आत येतो.

पान जळते आणि पाणी आटते, ह्या दोन घटना वेगवेगळ्या वाटतात. त्यांचा संबंध कसा आहे, आणि महाविद्यालयाचे आवार 'पर्यावरणपूरक' करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे ह्या लेखात पाहू या. आम्ही पुसदचे उदाहरण घेतले आहे; पण पुढची गणिते कोणत्याही शाळेत, दहावीच्या विद्यार्थ्यांनाही करता येतील. लागते ती एक लांब टेप, एक बादली, एक घड्याळ आणि थोडी चिकाटी.

पुसदच का, असे कोणी विचारेल. हे गाव पूस नदीच्या काठी, चहूबाजूंनी टेकड्यांच्या बशीत बसलेले आहे. पूस पुढे पैनगंगेला मिळते. ह्याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ ह्या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. १९७२ चा दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीतला. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा घरोघरी पोचली. राज्याचे स्वतंत्र जलसंधारण खाते १९९२ साली त्यांच्याच काळात सुरू झाले. त्यांचा स्मृतिदिन, १० मे, राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळतात. तेव्हा पाणी जिरवण्याचा हिशेब मांडायचा तर तो पुसदला मांडणे योग्यच.

पाऊस किती पडतो?

एक सूत्र पाठ करून ठेवावे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पटत नसेल तर गुणून पाहा. १ मीटर × १ मीटर × ०.००१ मीटर म्हणजे ०.००१ घनमीटर, म्हणजेच एक लिटर.

समजा, आपल्या महाविद्यालयाचे आवार पाच एकरांचे आहे. पाच एकर म्हणजे सुमारे २०,००० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरू. मग कुंपणाच्या आत पडणारे पाणी झाले २०,००० × ८००, म्हणजे १ कोटी ६० लाख लिटर.

आता गरज पाहू. दिवसा भरणाऱ्या शाळा-महाविद्यालयांसाठी भारतीय मानकात दरडोई दररोज ४५ लिटर पाणी धरलेले आहे. त्यात पिणे, हात धुणे, स्वच्छतागृहे हे सारे आले. हजार विद्यार्थी आणि कामाचे २२० दिवस धरले तर ९९ लाख लिटर होतात. म्हणजे दरवर्षी गरजेच्या दीडपटीहून जास्त पाणी आभाळ आपल्या फाटकाच्या आत आणून टाकते, आणि तरी मे महिन्यात टँकर येतो! हा आकडा विद्यार्थ्यांना सांगू नये, त्यांच्याकडून काढून घ्यावा. उत्तर फळ्यावर उतरल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती आम्ही अनुभवली आहे.

मग हे पाणी जाते कुठे? काही लगेच वाफ होऊन जाते, काही झाडे-गवत शोषून पुन्हा हवेत सोडतात, बरेचसे उतारावरून नालीत आणि नालीतून पूस नदीत जाते. उरलेला थोडा भाग जमिनीत खोल उतरतो. हा भाग किती, हे खडकावर ठरते. आपल्याकडचा खडक बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो बनला. वाळूत जशी कणाकणांमध्ये पोकळी असते तशी ह्या पाषाणात नसते. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. भूजलाचा अंदाज करणारे तज्ज्ञ बेसाल्टसाठी पावसाच्या शंभर भागांपैकी साधारण सात ते तेरा भाग जमिनीत मुरतात असे धरतात. आपण दहा धरू. आपल्या आवारात मग १६ लाख लिटर मुरले.

ह्या खडकात साठवणही तुटपुंजी आहे. मुरलेल्या बेसाल्टच्या शंभर घनमीटर आकारमानातून उपसता येईल असे पाणी जेमतेम एक ते तीन घनमीटर मिळते. बोअर दोनशे फुटांऐवजी चारशे फूट नेला की दुप्पट पाणी लागेल अशी पुष्कळांची समजूत असते. वाळूच्या प्रदेशात ती थोडीफार खरी ठरेल. इथे मात्र खोल गेल्यावर भेगा कमी होत जातात. एखादा सांधा लागला तर पाणी लागते, नाही तर खाली नुसता कोरडा दगड. जे लागते तेही बहुधा शेजारच्या विहिरींचेच असते. महाविद्यालयाचा बोअर खोल गेला आणि मागच्या वस्तीतल्या हातपंपाने दम टाकला, असे घडले तर त्याची नोंद महाविद्यालयाच्या कोणत्याच वहीत होत नाही.

गच्चीचे पाणी

आता छपराकडे वळू. सिमेंटच्या गच्चीवर पडलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी पाइपातून मिळते. एक हजार चौरस मीटर गच्ची असेल तर १००० × ८०० × ०.८, म्हणजे ६ लाख ४० हजार लिटर. एकूण गरजेच्या ते साडेसहा टक्केही नाही. 'छताच्या पाण्याने महाविद्यालय स्वयंपूर्ण' असे फलक कुठे कुठे दिसतात; त्यांच्यासमोर उभे राहून हा गुणाकार जरूर करावा.

पण हेच पाणी निव्वळ पिण्यासाठी ठेवले तर? माणशी दोन लिटर धरून हजार जणांना २२० दिवस ४ लाख ४० हजार लिटर लागतात. गच्ची तेवढे देते, वर दोन लाख लिटर उरतात. अडचण साठवणीची. एवढे पाणी ठेवायला अकरा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि चार मीटर खोल टाकी लागेल. तेवढा खर्च थोड्याच संस्थांना झेपेल. म्हणून व्यवहारात दोन्ही करतात: लहान टाकीत भरेल तेवढे भरायचे आणि बाकीचे विहिरीत किंवा जमिनीत सोडायचे.

जमिनीत सोडलेल्या ६ लाख ४० हजार लिटरने काय होते? ते पाच एकरांखाली सारखे पसरले तर पाण्याचा थर होईल ३२ मिलिमीटरचा. पण जमिनीखाली मोकळी जागा शंभरात दोनच भाग आहे. म्हणून पाण्याची पातळी पन्नास पट, म्हणजे सुमारे १६०० मिलिमीटर वर येईल. दीड मीटरहून अधिक! तुटपुंजी साठवण हा ज्या खडकाचा दोष, त्याच दोषामुळे थोड्या पाण्यातही विहीर चढलेली दिसते. अर्थात हे पाणी कुंपण ओळखत नाही. ते उताराच्या दिशेने सरकत खालच्या वस्तीतल्या विहिरींना जाऊन मिळते. ह्यावर एका संस्थाचालकांनी आम्हाला विचारले होते, "मग आम्ही खर्च का करायचा?" प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळच दिले. टेकडीवरच्यांनी जिरवले म्हणून आपल्याला मिळते, आपण जिरवले तर खालच्यांना मिळेल. आणि उपसताना आपण कुंपण पाळतो का?

पाणी जिरवायचा खड्डा हा मात्र फार फसवा प्रकार आहे. आपल्याकडे वर काळी माती असते. उन्हाळ्यात तिला हातहात भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्यांतून गटागटा खाली उतरतो. पण ही माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि मग ती पाण्याला जवळजवळ वाटच देत नाही. म्हणून खड्डा काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत गेलाच पाहिजे. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा आठ हजार लिटरचा दिसतो. त्यात दगड भरले की पाण्याला उरते साधारण चाळीस टक्के जागा, म्हणजे ३,२०० लिटर. इकडे तासाभरात २५ मिलिमीटरची सर आली तर आपल्या गच्चीवरून २०,००० लिटर खाली येतात. खड्डा तुंबतो, पाणी व्हरांड्यात शिरते आणि पुढल्या वर्षी पाइप मुकाट्याने पुन्हा नालीत सोडला जातो. फलक तेवढा राहतो. जुनी उघडी विहीर असेल तर ती सर्वांत उत्तम. तिच्यात पाणी नेण्याआधी वाळू, खडी आणि गोटे ह्यांच्या थरांतून गाळून घ्यावे, आणि पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडावे, कारण त्यात वर्षभराची धूळ आणि पाखरांची विष्ठा असते.

इथे रसायनशास्त्राच्या शिक्षकांशी थोडे बोलायचे आहे. भेगांच्या खडकात पाणी गाळले जात नाही. भेगेतून ते पळते. तेव्हा प्रयोगशाळेच्या मोरीचे पाणी विहिरीच्या किंवा जिरवण खड्ड्याच्या आसपास फिरकता कामा नये. क्षारांच्या गुणात्मक परीक्षणात शिसे, क्रोमियम, तांबे ह्यांची संयुगे वापरली जातात, क्वचित पाराही. परीक्षानळीत दहा मिलिलिटरऐवजी दोन मिलिलिटर द्रावण घेतले तरी अवक्षेपाचा रंग तितकाच स्पष्ट दिसतो. रसायनाचा खर्च आणि मोरीत जाणारे विष दोन्ही पाचव्या हिश्श्यावर येतात. शिशाची आणि पाऱ्याची द्रावणे वेगळ्या बरणीत जमवावीत. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचे आढळलेले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालते. ज्या आवारात असा बोअर असेल तिथे गच्चीच्या पाण्याचे मोल आणखी वाढते, कारण पावसाच्या पाण्यात खडकातले फ्लोराइड नसते.

गळक्या नळाचेही एकदा मोजून टाकू. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी घालवतो. भिंतीवरच्या घोषणांच्या मानाने हा आकडा लहान वाटेल. पण जिथे बारीक धार लागलेली आहे तिथे बादली ठेवून दहा मिनिटे मोजा आणि १४४ ने गुणा. आणि मग गच्चीवरची टाकी भरून किती वेळ वाहत राहते तेही पाहा. बहुतेक आवारांत खरी गळती तिथेच सापडते. थेंबे थेंबे तळे साचते तसे ते रिकामेही होते, पण टाकी वाहिल्याने फार लवकर होते.

पाचोळा

आता सकाळच्या त्या ढिगाकडे परत येऊ. ओलसर पाने धगधगून जळत नाहीत, धुमसतात. हवा पुरेशी न मिळाल्याने ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. सर्वांत जवळ उभ्या असतात त्या काडी लावणाऱ्या मावशी. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या उल्लंघनाला ५,००० रुपये दंड सांगितला. पण दंड कोणाला करणार? ढीग जाळायला सांगितले म्हणून त्या जाळतात.

पान जाळले काय आणि कुजले काय, त्यातला कर्ब शेवटी बराचसा हवेतच जातो, हे मान्य केले पाहिजे. फरक पडतो तो नत्रात आणि ओलाव्यात. वाळलेल्या पानांत साधारण अर्धा ते एक टक्का नत्र असतो. जाळल्यावर तो वायूंच्या रूपाने निघून जातो. राखेत पालाश, चुना, थोडे स्फुरद एवढेच राहते. एक टन पाने जाळली म्हणजे पाच ते दहा किलो नत्र उडाला. युरियात ४६ टक्के नत्र असतो, हे लक्षात घेतले तर हा ११ ते २२ किलो युरिया झाला. शिवाय झाडाखाली पसरलेला पाचोळा पावसाच्या थेंबांचा मार झेलतो, माती घट्ट होऊ देत नाही आणि बाष्पीभवन रोखतो. म्हणजे तो पाणी जिरवण्याचेच काम करतो. लेखाच्या सुरुवातीला ज्या संबंधाविषयी लिहिले तो हा.

कुजवणे जमत नाही अशी तक्रार असते आणि ती खोटी नाही. सागाची पाने मोठी, जाड, खरखरीत असतात. नुसती खड्ड्यात भरली तर वर्ष उलटले तरी तशीच सापडतात. कारण सूक्ष्मजीवांना कर्बाबरोबर नत्रही लागतो. कर्ब-नत्राचे प्रमाण तीसास एकच्या आसपास असले की ते जोमाने वाढतात. वाळल्या पानांत ते पन्नास-साठास एक किंवा त्याहूनही जास्त असते. म्हणून शेणकाला घालावा, किंवा हिरवा पाला. पुष्कळ आवारांच्या कुंपणाला गिरिपुष्प लावलेले असते. त्याच्या कोवळ्या पाल्यात नत्र भरपूर असतो. तळाशी पऱ्हाट्यांचा एक थर द्यावा म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर पायाने चुरडलेली पाने, मग पाला, मग शेणकाला, असे थर रचत किमान एक मीटर उंच, तेवढाच लांब-रुंद ढीग करावा. ह्यापेक्षा लहान ढिगात उष्णता टिकत नाही. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा.

चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई ढिगात दहा मिनिटे खुपसून ठेवा आणि बाहेर काढून हात जपून जवळ न्या. ढीग चांगला लागला असेल तर सळई चटका देते. आत ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान झालेले असते. विद्यार्थ्यांनी रोज ठरल्या वेळी तापमान नोंदवून आलेख काढावा. तो चढतो, थोडा स्थिरावतो, उतरू लागतो. उतरला की ढीग पालटायचा. आत हवा गेली की आलेख पुन्हा चढतो. जीवशास्त्राच्या एका वहीत एवढा जिवंत आलेख दुसरा नसेल.

हा विषय निघाला की श्री. अ. दाभोळकरांची आठवण होते. ते गणिताचे प्राध्यापक. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवता शिकवता त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. पानावर पडणारे ऊन आणि मुळाशी असलेली माती ह्यांचा हिशेब ते शेतकऱ्यांना आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना मांडायला शिकवत. आपल्या हाती असलेल्या पाचोळ्यातून, ऊस-चिपाडातून माती बनवता येते, आणि हे करायला प्रयोगशाळेची परवानगी लागत नाही, हा त्यांचा आग्रह.

वीज आणि झाडे

विजेचे गणित सोपे आहे, म्हणून थोडक्यात. एका वर्गात ७५ वॉटचे चार पंखे आणि चोकसह ५५ वॉटच्या चार जुन्या नळ्या असतील तर ५२० वॉट होतात. असे तीस वर्ग रोज एक तास रिकामे असताना चालू राहिले तर रोज १५.६ युनिट, आणि २०० दिवसांत ३,१२० युनिट. आपल्याकडे औष्णिक केंद्रात एका युनिटसाठी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. म्हणजे नुसत्या विसरण्यापायी दीड टनाहून अधिक कोळसा गेला. एलईडी दिवे लावण्याआधी बटणे कोणी बंद करायची हे ठरवावे. त्याला पैसे पडत नाहीत.

झाडांबाबत आमचे मत जरा कडू आहे. दर १ जुलैच्या आसपास पाहुणे येतात, रोप लागते, छायाचित्र निघते. त्याच खड्ड्यात गेल्या वर्षीचे वाळके रोप उपटून यंदाचे लावलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. किती लावली ह्याऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली ही संख्या फलकावर लिहावी. निवडही पाहून करावी. गुलमोहर देखणा खरा, पण तो मादागास्करचा. आपल्या मुरमाड टेकडीवर पळस, कडुनिंब, बेहडा, मोह, करंज कमी पाण्यात तगतात आणि पाखरांनाही ओळखीचे असतात.

हे कोणी करायचे?

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण-शिक्षण सर्व पातळ्यांवर अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली. पुन्हा न्यायालयाला लक्ष घालावे लागले आणि २००४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम पदवी वर्गांना लागू झाला. पुण्याच्या डॉ. इराक भरुचा ह्यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. त्या आराखड्यात शंभरापैकी २५ गुण क्षेत्रकार्याला होते. पण हे पंचवीस गुण बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या वहीतून उतरवलेल्या 'प्रकल्पां'वर दिले गेले, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

वास्तविक क्षेत्र दाराशीच आहे. पुसदच्या महाविद्यालयांना ज्या अमरावती विद्यापीठाची पदवी मिळते त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. त्यांनी आयुष्यभर गावोगावी आधी हातात खराटा घेऊन गाव झाडले आणि कीर्तन रात्री केले. तोच क्रम आवारात ठेवता येईल. भाषणाआधी मोजमाप. एका तुकडीने गच्च्या मोजाव्यात, दुसरीने नळ, तिसरीने पाचोळा वजनकाट्यावर तोलावा. मावशींना आणि पाणी सोडणाऱ्या शिपाईदादांना ह्या तुकड्यांत घ्यावे. कोणता नळ केव्हापासून गळतो आणि कोणती विहीर कधी आटते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. नंतर निघालेले आकडे प्राचार्यांच्या खोलीबाहेर नव्हे, पाणी पिण्याच्या जागी लावावेत.

सुरुवात विहिरीपासून करणे सर्वांत सोपे. एका दोरीला टोकाशी दगड बांधावा आणि दर मीटरवर रंगीत चिंधी. काठावरची एक जागा रंगाने कायमची खुणावून ठेवावी आणि तिथूनच दोरी सोडावी, नाही तर दर वेळी वेगळा आकडा येतो. उपसा सुरू होण्यापूर्वी, सकाळी, दर पंधरा दिवसांनी मोजावे. पहिली नोंद १० मेला घ्यावी, त्या वेळी पाणी बहुधा सर्वांत खाली असते. सुट्टी असली तरी एवढ्यासाठी दोन विद्यार्थी येतात. दुसरी वही खालच्या वस्तीतल्या एखाद्या घरमालकाला विचारून त्यांच्या विहिरीची ठेवावी. पावसाळ्यानंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायच्या आहेत.